पाय लाल झालाय, ठणकतोय? नायट्याची ट्यूब लावून दिवस घालवू नका

पावसाळा सुरू झाला की गावोगावी त्वचेच्या तक्रारी वाढतात. दिवसभर चिखलात पाय, अंगावर ओले कपडे, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. त्यातच एखाद्याची पोटरी लाल होते, ठणकू लागते. 'नायटा असेल' म्हणून मेडिकलमधून ट्यूब आणली जाते. दोन-तीन दिवस ती चोळण्यात जातात. तोवर ताप भरतो, पाय सुजून जड होतो. हा नायटा नसतोच. हा जिवाणूंचा, म्हणजे बॅक्टेरियाचा संसर्ग असतो. बुरशीवरची ट्यूब त्यावर चालत नाही.

खाज की ठणका?

घरच्या घरी ओळखायची पहिली खूण हीच. जिवाणूंचा संसर्ग बहुतेक वेळा ठणकतो, हात लावला तर गरम लागतो आणि एक-दोन दिवसांत पसरतो. नायटा, खरूज, अ‍ॅलर्जी यांत दुखण्यापेक्षा खाज जास्त असते. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, जागा काळपट किंवा जांभळट वाटते. अशा वेळी दोन्ही पायांना हात लावून बघावं. एक पाय जास्त गरम, कडक आणि सुजलेला लागला तर डॉक्टरांना दाखवावं.

जिवाणूंचा संसर्ग कसा दिसतो?

सेल्युलायटिस : टाचेची भेग, काट्याची जखम किंवा चिखल्यांमधून जिवाणू आत शिरतात आणि कातडीखाली पसरतात. बहुतेक वेळा एकाच पायाला होतो. सूज, ठणका, कधी थंडी वाजून ताप. दोन्ही पाय एकदम सुजले तर कारण वेगळं असू शकतं. शिरा, हृदय किंवा मूत्रपिंड तपासावं लागतं.

गळू, केसतूड : केसाच्या मुळाशी दुखरी गाठ येते, मग तोंड धरून पू होतो. मानेवर किंवा पाठीवर अनेक तोंडं असलेलं मोठं गळू म्हणजे काळपुळी. अशा रुग्णाची शुगर नक्की तपासावी.

इम्पेटिगो : हा लहान मुलांत जास्त दिसतो. नाकातोंडाजवळ फोड फुटून मधासारखी पिवळी खपली धरते. एकाचा दुसऱ्याला लागतो. मुलाचा टॉवेल वेगळा ठेवावा, नखं कापावीत.

यांच्याशी गल्लत होते

नायटा, गजकर्ण : गोल चट्टा, कड उठलेली आणि खवलेदार, मध्ये कातडी बरीचशी साफ. खूप खाज. स्टिरॉईड मिसळलेल्या ट्यूबने चार दिवस आराम पडतो, पण आतून बुरशी वाढत जाते. ट्यूब बंद केली की चट्टे दुप्पट जोराने येतात.

खरूज : रात्री खाज वाढते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला पुरळ. घरात दोघा-तिघांना एकदम खाज असेल तर खरूज धरून चालावं. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचं असतं. खाजवून जखमा झाल्या की त्यात जिवाणू शिरतात, मग दोन्हींवर उपचार लागतात.

नागीण : आधी आग होते, मग अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे पाण्याचे फोड येतात. हा कांजिण्यांच्याच विषाणूचा आजार. 'वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो' ही समजूत खोटी आहे. मात्र फोड आल्यापासून 72 तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर जास्त फायदा होतो. डोळ्याजवळ नागीण आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गाजरगवताची अ‍ॅलर्जी : चेहरा, मान, हात अशा उघड्या भागावर खाज आणि पुरळ. शेतात गेलं की वाढते.

फिकट किंवा लालसर चट्टा खाजत नाही, दुखत नाही, पण तिथं स्पर्शही कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध मोफत मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो.

पेनाने रेघ मारा

लाल भागाच्या कडेने बॉलपेनने रेघ मारावी, वेळ लिहावी आणि मोबाईलवर फोटो काढावा. पण रेघ मारली म्हणून घरी वाट बघत बसू नये. दवाखान्यात जाताना फोटो दाखवला की लाली किती वेगाने पसरली ते डॉक्टरांना कळतं. बसल्यावर पाय उंचावर ठेवावा. गळू पिळू नये, कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने शेकावं. चुना, तंबाखू, राख, शेण जखमेवर लावू नये. अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितलं तेवढे दिवस घ्यावं, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडू नये.

रात्र असली तरी थांबू नका

ताप-थंडी, गुंगी किंवा बरळणं, काही तासांतच पसरणारी लाली, दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखणं, कातडी काळी-निळी पडणं, डोळ्याभोवती सूज. यातलं एकही दिसलं तर 108 वर फोन करावा किंवा सरळ मोठा दवाखाना गाठावा. अशा वेळी तासांचा उशीरही महागात पडतो, प्रसंगी जिवावर बेततं.

शुगर असलेल्यांनी ठणक्याची वाट बघू नये. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, जखम चिघळली तरी दुखत नाही. त्यांनी रोज रात्री पाय धुऊन, बेचक्या कोरड्या करून तळवे बघावेत. स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगावं. भेग किंवा फोड दिसला तर दुसऱ्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा.