पडद्यावरून कपाटापर्यंत

14 फेब्रुवारी 2025 ला 'छावा' चित्रपट आला आणि आमच्या वाचनालयातली शिवाजी सावंतांची 'छावा' पुढचे कित्येक आठवडे कपाटात दिसलीच नाही. कादंबरी 1979ची. पुस्तक बदलायला आलेला प्रत्येक जण तीच मागायचा आणि काउंटरवरच्या ताई 'नंबर लावा' म्हणायच्या. यात नवल काही नव्हतं. पडद्यावर गाजलं की पुस्तकाला रांग, हे मराठी वाचनालयांत गेली चाळीसेक वर्षं चालत आलंय. त्या रांगेचं वाचनालयांनी काय केलं, ते बघण्यासारखं आहे.

मागे जायचं तर दूरदर्शनच्या 'स्वामी' मालिकेपर्यंत जावं. रवींद्र मंकणींचे माधवराव आणि मृणाल देव यांची रमा घरोघरी पोचली आणि रणजित देसाईंची 1962ची कादंबरी नव्याने हातोहात फिरू लागली. पाठोपाठ ऑक्टोबर 1988 पासून दर रविवारी सकाळी 'महाभारत'. मग जो तो कर्णावरची कादंबरी 'मृत्युंजय' मागू लागला. अशा वेळी जाणता ग्रंथपाल '"मृत्युंजय" बाहेर आहे, तोवर हे न्या' म्हणत 'युगांत' हातात ठेवी. कर्णावर जीव ओवाळून टाकणारा वाचक इरावती कर्व्यांचा कर्ण वाचून चरफडत परत यायचा. पण यायचा! मागितलेल्या पुस्तकाच्या शेजारचं, त्याच्याशी दोन हात करणारं पुस्तक पुढे करणं, ही माझ्या मते खरी शिफारस. 'युगांत'च्या जुन्या प्रतीत शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी अजून आहे. एरवी वर्षाला एखादा शिक्का, आणि मालिकेच्या त्या दिवसांत शिक्क्यावर शिक्का.

केबल आल्यावर मधली काही वर्षं सामसूमच होती. मग 2010 मध्ये कादंबरीवर बेतलेला 'नटरंग' चित्रपट आला, त्यामागून तसाच 'शाळा', आणि 2013 मध्ये 'दुनियादारी'. 'दुनियादारी' कादंबरी लिहिणाऱ्या सुहास शिरवळकरांना जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. त्यांच्या रहस्यकथांना नाकं मुरडणाऱ्या वाचनालयांनाही त्या बांधणीला टाकून पुन्हा मांडाव्या लागल्या. 2018च्या 'तुंबाड'ने हीच पाळी नारायण धारपांवर आणली. त्या चित्रपटाला धारपांच्या कथेची प्रेरणा होती, नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण देणारं. त्यामुळे भुताखेतांच्या आशेने आलेली पोरं पेंडशांचे दोन जाडजूड खंड उचलायची. सौदा वाईट नव्हता.

छंदांची पुस्तकं मात्र अशी लाटेवर येत नाहीत, ती बारमाही. पावसाळा आला की गोनीदांची 'दुर्गभ्रमणगाथा' आणि प्र. के. घाणेकर, कॅमेरा घेतला की मारुती चितमपल्लींचं 'पक्षी जाय दिगंतरा'. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' तर 1970 पासून खपतेय. वाचनालयातली तिची प्रत लगेच ओळखू येते: पुरणपोळीच्या पानाला हळदीचा डाग, कुठे तेलाचं बोट, समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं 'गूळ कमी'. ग्रंथपालांच्या लेखी ही पुस्तकाची नासधूस. मला ती पुढच्या वाचकाला केलेली सूचना वाटते.

2020च्या टाळेबंदीत जुनं 'महाभारत' पुन्हा लागलं, घरोघरी पाव भाजले गेले, गच्चीत टोमॅटो लावले गेले. अशी मागणी पुन्हा केव्हा यायची? आणि नेमकी तेव्हाच वाचनालयांना कुलपं. ती रांग मोबाइलकडे गेली ती गेलीच. तिथेही सुचवणारं यंत्र असतंच, पण तुम्हाला जे आवडलं त्याच्याच आणखी दहा आवृत्त्या ते समोर आणतं.

'छावा'च्या वेळी वा. सी. बेंद्र्यांचं 1960चं संभाजी-चरित्र आणि कमल गोखल्यांचं 'शिवपुत्र संभाजी' कपाटात बसून होतं. दोन्ही कागदपत्रं तपासून लिहिलेली. कादंबरी संपवलेल्याच्या हाती ती द्यायला हवी होती. आमच्याकडे कुणी दिली नाहीत. त्यासाठी लागणार काय होतं? दाराशी एक फळा आणि 'हे पाहिलंत? मग हे वाचा' एवढं लिहायला खडू. तुमच्या वाचनालयात असा फळा नसेल, तर पुढच्या वेळी पुस्तक बदलायला जाल तेव्हा ग्रंथपालांच्या कानावर घाला, आणि पहिली दोन नावं तुम्हीच सुचवा.