‘दम’ ते ‘गर्द’ : नशेची बोली आणि रॉकचे सूर

नाशिकच्या सिंहस्थात साधूंच्या हाती दिसणारी चिलीम आणि रॉक संगीताची गिटार यांचा वरवर पाहता काहीच संबंध नाही. १९७१ मध्ये देव आनंद यांच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ या चित्रपटाने मात्र तो जोडून दिला. राहुलदेव बर्मन यांचे संगीत, भूपिंदर सिंग यांची गिटार आणि आशा भोसले यांचा स्वर यांमुळे ‘दम मारो दम’ घरोघरी पोहोचले. चिलीम ओढणाऱ्यांचा ‘दम’ एका पिढीच्या ओठांवर आला.

नशेची बोली ही मुळात आडपडद्याची भाषा. पोलिसांना उमगू नये, पण आपल्या माणसाने ओळखावे, हे तिचे प्रयोजन. अमेरिकेत जाझ वादकांनी ती संगीतात आणली. लुई आर्मस्ट्राँग यांच्या १९२८ मधील ‘मगल्स’ या ध्वनिमुद्रिकेचे नाव हेच मुळी गांजाचे टोपणनाव होते. साठच्या दशकात रॉक संगीताने हा वारसा उचलला. ‘हाय’ म्हणजे उंच आणि धुंदही. ‘ट्रिप’ म्हणजे सहल आणि नशेची भ्रमंतीही. अशा द्व्यर्थी शब्दांमुळे जाणकारांना खूण पटे आणि आक्षेप आल्यास गीतकाराला हात वर करता येत. बीबीसीने १९६७ मध्ये बीटल्सचे ‘अ डे इन द लाइफ’ प्रसारित करण्यास नकार दिला. त्याच वर्षी अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘द डोअर्स’ला गाण्यातील एक शब्द बदलण्यास सांगण्यात आले. जिम मॉरिसन यांनी तोच शब्द गायला आणि त्या कार्यक्रमाची दारे त्यांना बंद झाली.

या शब्दव्यवहारात भारताचाही वाटा आहे. १८४५ पासून जमैकात गेलेल्या भारतीय मजुरांबरोबर ‘गांजा’ हा शब्द तिकडे पोहोचला आणि पुढे रेगे संगीतातून जगभर फिरला. गोव्याच्या हणजुण्यात उतरलेल्या हिप्पींनी ‘चिलीम’ आपलीशी केली.

देव आनंद यांना मात्र इशारा द्यायचा होता. चित्रपटात नशेच्या आहारी गेलेली नायकाची बहीण अखेर आत्महत्या करते. पण प्रेक्षकांनी गाणे उचलले. शेवट मागे पडला. सुरांत बसलेला शब्द आपल्याबरोबर परिणाम सांगत नाही, हेच या बोलीचे मर्म.

तो परिणाम ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर दिसला. ब्राउन शुगरला मराठीने ‘गर्द’ म्हटले आणि तिच्या आहारी गेलेल्याला ‘गर्दुल्ला’. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा झाला. १९८६ मध्ये डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अवचटांच्या ‘गर्द’ या पुस्तकाने या शब्दामागची उद्ध्वस्त घरे वाचकांसमोर आणली.

‘दम’ला ठेका मिळाला, ‘गर्दुल्ला’च्या वाट्याला तो आला नाही. व्यसनाची वाट मात्र अनेकदा पहिल्या शब्दापासून दुसऱ्यापर्यंत जाते.