मालमोटारीचा पट्टा पुन्हा पुन्हा का तुटतो?

अंजीर झाडावरून उतरल्यावर फार काळ दम धरीत नाही, हे पुरंदर तालुक्यातील बागाईतदारांस सांगावयास नको. गेल्या मीठा बहारात सासवडहून पुण्याच्या बाजाराकडे अंजिराच्या पेट्या घेऊन निघालेल्या एका जुन्या मालमोटारीत प्रस्तुत लेखक बसला होता. दिवे घाटाच्या अलीकडे झेंडेवाडीजवळ चालकासमोरील बॅटरीचा तांबडा दिवा लागला. चालक म्हणाला, "फॅनबेल्ट गेला, साहेब. पण आता सगळा उतारच आहे, इंजिन काही तापत नाही. खाली हडपसरला गेल्यावर बसवू." त्याने वाटेत दोन वेळा ब्रेक दाबले. तिसऱ्या वेळी ब्रेकचा पायटा दगडासारखा ताठ झाला. सुदैवाने गाडी अजून सपाटीवर होती. त्याने हातब्रेक ओढून ती कडेला घेतली. फळे त्या सकाळच्या लिलावास मुकली. परंतु भरलेली गाडी घाटात उतरली नाही, हे पुष्कळ झाले.

इंजिन तापत नाही, हे चालकाचे म्हणणे थोड्या अंतरापुरते खोटे नव्हते. परंतु फॅनबेल्ट केवळ पंखा फिरवितो, ही समजूत अपुरी आहे. जुन्या गाड्यांत इंजिनाच्या पुढील पुलीवरून जाणारा हा पट्टा पंख्याबरोबर वॉटर पंप व डायनामो अथवा आल्टरनेटर यांनाही फिरवितो. काही हलक्या डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्याच पाठीशी बसविलेला असतो. पट्टा तुटला की तोही थांबतो. टाकीत साठलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक एकदोन वेळा नेहमीसारखा लागतो आणि मग पायाला कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. काही मोठ्या गाड्यांत हवेच्या ब्रेकचा कंप्रेसरही पट्ट्यावरच चालतो. सबब पट्टा तुटलेली गाडी घाटात घालणे म्हणजे जिवाशी खेळ होय. चढावर तर पाणी फिरावयाचे बंद झाल्याने इंजिन थोड्याच वेळात तापते. अशा वेळी गरम रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये.

चौकशीअंती असे कळले की, त्या हंगामात तुटलेला हा तिसरा पट्टा होता. प्रत्येक वेळी नवा पट्टा आणला, ताणून बसविला आणि जुना फेकून दिला. खरी चूक या फेकून देण्यात होती. पानावरील डाग पाहून आपण रोग ओळखतो. त्याचप्रमाणे जुना पट्टा पाहून बिघाड ओळखता येतो. हा पट्टा पाचरीच्या आकाराचा असतो व तळाने नव्हे, तर आपल्या दोन्ही कडांनी पुलीची खाच धरतो. दोन्ही कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर पट्टा सैल राहून घसरत होता. रबर फुगून मऊ पडले असेल तर कोठून तरी तेल गळत आहे; ते गळणे थांबविल्यावाचून नवा पट्टा टिकणार नाही. आतील बाजूस आडव्या भेगा असल्यास वय व उष्णता यांचा तो परिणाम समजावा. पट्ट्याचा तळ घासलेला आणि पुलीच्या खाचेचा तळ चकाकत असेल तर खाच झिजली आहे, पुलीच बदलावयास हवी.

आमच्या गाडीच्या पट्ट्याची एकच कड खाल्लेली होती. पुल्या एका रेषेत नसल्या म्हणजे असे होते. मिस्त्रीने पुल्यांच्या तोंडावर सरळ सळई आडवी धरून पाहिली, तेव्हा आल्टरनेटरची पुली तिरपी असल्याचे दिसून आले. त्याला धरणाऱ्या ब्रॅकेटचे छिद्र झिजून लांबट झाले होते. पट्टा जितका ताणावा तितका आल्टरनेटर अधिक कलत असे! छिद्रात नवे बुश बसविले, एक वॉशर घातला आणि दोष गेला. तीन पट्टे आणि एका फेरीची अंजिरे गेल्यानंतर ही दुरुस्ती झाली.

पट्टा किंचाळू लागला की त्यावर साबण, ग्रीस किंवा राळ लावण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. ती सोडून द्यावी. त्याऐवजी फवाऱ्याच्या बाटलीने पट्ट्याच्या आतील बाजूवर थोडे पाणी उडवून पाहावे. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला तर बहुधा पुल्यांची रेषा चुकली आहे. वाढला तर पट्टा घसरत आहे, म्हणजे ताण कमी आहे किंवा पट्टा झिजला आहे. ही परीक्षा चालत्या इंजिनावर करावयाची असल्याने हात दूर ठेवावा आणि उपरणे, टॉवेल, सैल बाही यांची आधी व्यवस्था करावी. पंखा कोणाची गय करीत नाही.

ताण मात्र इंजिन बंद करूनच तपासावा. दोन पुल्यांमधील सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबले असता पट्टा सामान्यतः दहा ते पंधरा मिलिमीटर खाली जावा. गाडीच्या पुस्तिकेत निराळे माप असल्यास तेच प्रमाण मानावे. 'घट्ट तितका बरा' हा समज महागात पडतो, कारण अति ताणाने वॉटर पंप व आल्टरनेटर यांची बेरिंगे खराब होतात. नवा पट्टा बसविताना आल्टरनेटरचे बोल्ट सैल करून तो आत सरकवावा. टॉमीने उचकटून पट्टा पुलीवर चढविल्यास आतील दोरे तुटतात आणि ती इजा बाहेरून दिसत नाही. नवा पट्टा थोडा चालल्यावर सैलावतो. म्हणून पंधरावीस मिनिटे इंजिन चालवून, बंद करून, ताण पुन्हा पाहावा. जेथे दोन पट्टे जोडीने असतात तेथे एक तुटला तरी दोन्ही बदलावेत, अन्यथा सगळा भार नव्यावरच पडतो.

ग्राम कार्यकर्त्यांनी मालवाहतुकीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील गाडीमालकांस एकत्र बोलावून एखाद्या गाडीवर ही तपासणी करून दाखवावी. एका सकाळचे काम आहे. प्रत्येक गाडीत योग्य मापाचा एक जादा पट्टा व त्याचे बोल्ट सोडविणारे पाने असावेत. पट्ट्याच्या पाठीवर छापलेला क्रमांक वापराने पुसला जातो. तो वाचता येतो तोवरच गाडीच्या दाराच्या आतील बाजूस रंगाने लिहून ठेवावा.