सातशे घोडे आणि आमचा घाट

गेल्या पावसाळ्यातील एक रविवार. भंडारदऱ्याला पर्यटकांची नेहमीप्रमाणे रीघ लागलेली. राजूरहून तिकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका चहाच्या टपरीसमोर एक काळी, उंच, चार दारांची पिकअप गाडी येऊन उभी राहिली. पुढे पाच माणसांची ऐसपैस जागा, मागे सामानासाठी उघडा हौदा आणि चाके एवढी मोठी की माझ्या कमरेला लागावीत. आमची गाडी तिच्या मागेच उभी होती. दादाने त्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मालकाशी चार शब्द बोलला आणि परत येऊन मला म्हणाला, "दोनशे घोड्यांची हाये गं. आपली पंच्याहत्तराची."

त्या रात्री जेवताना त्याने विषय काढलाच. आपली जुनी पिकअप विकायची, वर कर्ज काढायचे आणि तसली एक जुनी गाडी घ्यायची. पुण्याकडे एक विकाऊ असल्याचेही तो ऐकून आला होता. आबा बराच वेळ गप्प राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कॉलेजात जाती ना? मग तूच सांग, ही गाडी आपल्याला झेपंल का?"

मित्रहो, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आजवर घरात मला "अभ्यास झाला का?" एवढेच विचारले जाई, एखाद्या व्यवहारात माझे मत विचारण्याची ही पहिलीच वेळ. शिवाय त्या कर्जाचा हप्ता आणि माझे तिसरे वर्ष ही दोन्ही एकाच पिशवीतून भागायची होती, हेही मला कळत होते. म्हणून मी उत्तराची घाई केली नाही. महिनाभर वाचले, विचारले, पाटीवर गणिते मांडली. मी कला शाखेची विद्यार्थिनी. पण दहावीपर्यंतचे विज्ञान माझ्या कामी आले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडते, कारण हा प्रश्न आमच्या एका घराचा राहिलेला नाही असे मला वाटते.

प्रथम 'घोडे' म्हणजे काय ते पाहू. वाफेच्या यंत्राचे सामर्थ्य गिऱ्हाइकांना समजावे म्हणून जेम्स वॅटने अठराव्या शतकाच्या अखेरीस यंत्राची तुलना घोड्याशी केली. आज मोटारींसाठी जे माप सर्रास वापरतात त्याचा अर्थ सोपा आहे. ७५ किलोचे पोते एका सेकंदात एक मीटर वर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती.

आता आपला विठा घाट डोळ्यांसमोर आणा. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर जावे असा चढ धरू. गाडी आणि माल मिळून वजन ३००० किलो आणि वेग ताशी २० किलोमीटर. या वेगाने गाडी सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जाते, म्हणजे अर्ध्या मीटरहून थोडी अधिक वर चढते. हिशेब केला तर एवढ्या कामाला २२ अश्वशक्ती लागतात. चाकांच्या घर्षणाचे तीन-चार मिळवले तर २५-२६. इंजिनापासून चाकापर्यंत पोचताना काही शक्ती वाया जाते, ती धरून तीस म्हणू. आमच्या गाडीत पंच्याहत्तर आहेत! तोच घाट ताशी चाळीसच्या वेगाने चढायचा म्हटले तरी साठाच्या आत काम भागते. आणि विठा घाटाच्या वळणांवर भरलेली गाडी चाळीसने नेणारा चालक मी तरी अजून पाहिलेला नाही.

हे गणित झाल्यावर एक जुनी माहिती वाचून मला गंमत वाटली. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या 'मॉडेल टी' मोटारीला मागे हौदा बसवून ती कारखान्यातूनच विकायला काढली. शेतकऱ्यासाठी तयार केलेल्या त्या पिकअपचे इंजिन होते अवघ्या २० अश्वशक्तीचे! अर्थात तिचा वेग आणि बोजा बेताचाच होता. पण पिकअप या वाहनाचा जन्म ओझ्यासाठी झाला, शर्यतीसाठी नव्हे, एवढे त्यावरून दिसते.

मग शर्यत आली कोठून? त्याच अमेरिकेत. १९९१ साली जीएमसी कंपनीने 'सायक्लोन' नावाची पिकअप काढली. इंजिन २८० अश्वशक्तीचे. धावायला लागली की त्या काळच्या महागड्या स्पोर्ट मोटारींना मागे टाकी. मात्र तिच्या हौद्यात माल किती घालायचा? पाचशे पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो. आमच्याकडची भाताची पाच पोती ठेवली तर तिची कमाल गाठली जाई. पुढे 'रॅम' कंपनीच्या २०२१ सालच्या टीआरएक्स गाडीत अश्वशक्तींचा आकडा ७०२ वर गेला. जागेवरून निघून साडेचार सेकंदांत ती ताशी साठ मैलांचा वेग घेई. तिचे रिकामे वजनच तीन टनांच्या जवळपास, म्हणजे माल भरलेल्या आमच्या गाडीएवढे. आणि वर बोजा घेता येई सुमारे ६०० किलो. उलट आपल्याकडची साधी बोलेरो पिकअप पंच्याहत्तर अश्वशक्तींत प्रकाराप्रमाणे सव्वा ते पावणेदोन टन माल नेते. सातशे घोडे जुंपलेली गाडी कमी वाहते आणि पंच्याहत्तरवाली अधिक, हे कसे?

याचे उत्तर गाडीच्या पोटाखाली आहे. ओझ्याच्या पिकअपला मागे पोलादी पानांचे जाड पाटे असतात. ते ताठ असल्याने मालाच्या भाराखाली बसत नाहीत. पण गाडी रिकामी असली की प्रत्येक खड्ड्याला आतला माणूस टाळू आपटेपर्यंत उडतो. वेगाने माळरान तुडवायचे तर चाकाला वर-खाली खूप हलू द्यावे लागते आणि त्यासाठी मऊ, लांब स्प्रिंगा लागतात. मऊ स्प्रिंगवर दीड टन टाकला तर ती खाली बसेल. एक मिळवायचे तर दुसरे सोडावे लागते. ज्या गाडीला दोन्ही हवे असते तिचे वजन, किंमत आणि इंधन वाढत जाते. त्या टीआरएक्सला अमेरिकेच्या सरकारी मोजमापात एका गॅलनला १२ मैल, म्हणजे लिटरला पाच किलोमीटर मिळत. राजूर ते संगमनेर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. जाऊन-येऊन अठरा लिटर पेट्रोल! आमची गाडी तेवढ्यात सात-साडेसात लिटर डिझेल पिते, आणि तेही माल घेऊन.

दादाचे म्हणणे, "ते अमेरिकेचं सोड. आपल्या चिखलात जोर लागतो का नाही?" हा प्रश्न मात्र रास्त होता. घाटघर, साम्रद या बाजूला ज्यांनी आषाढ पाहिला आहे त्यांना चिखल म्हणजे काय ते सांगायला नको. परंतु चिखलात गाडी अडते ती इंजिनाला जोर नसतो म्हणून क्वचितच. चाक जमिनीला धरत नाही म्हणून ते जागच्या जागी गरगर फिरते. तेथे आणखी घोडे जुंपले तर चाक अधिक जोराने फिरेल आणि अधिक खोल रुतेल. रिकाम्या पिकअपचे मागचे अंग हलके असते आणि इंजिनाचा जोर त्याच मागच्या चाकांना मिळतो. म्हणून आमच्याकडचे चालक पावसात हौद्यात दोन-चार गोणी ओझे टाकूनच रानात शिरतात. तेथे उपयोग होतो तो चांगल्या खाचांच्या टायरांचा आणि चारही चाकांना जोर देणाऱ्या रचनेचा. ती रचना आपल्याकडच्या जुन्या जीपमध्येही असे. तिला दोनशे घोडे लागत नाहीत.

येथे आपल्या राजूरच्या प्रदर्शनाची आठवण होते. प्रदर्शनात डांगी बैल पाहायला लांबून माणसे येतात. डांगी धावण्यात खिल्लाराची बरोबरी करणार नाही. पण धो धो पावसात, गुडघाभर चिखलात भातखाचरे ओढावीत तर डांगीनेच; त्याच्या कातडीला सुटणाऱ्या तेलकटपणामुळे त्याच्या अंगावर पाणीही ठरत नाही. बैलगाडा शर्यतीला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये वाट मोकळी केल्यापासून खिल्लाराचे मोल पुन्हा वाढले, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु शर्यतीचा खोंड कोणी चिखलणीला जुंपत नाही. बैलाच्या बाबतीत जे आबांना उपजत कळते तेच मोटारीच्या बाबतीत आम्हा तरुणांना का कळू नये?

आता एक घरची गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी टोमॅटोला बरा भाव होता. दादाने कॅरेटवर कॅरेट रचली. किती जादा माल झाला ते त्यालाच ठाऊक. रात्री घाट उतरताना ब्रेक तापले, जळका वास आला आणि पायाखालचे पेडल मऊ पडले. त्याने गाडी कशीबशी डोंगराच्या अंगाला घासून थांबवली. जीव वाचला. त्यानंतर 'गाडीत दम नाही' असे तो सांगत असे. मी हा प्रसंग कागदावर मांडून पाहिला तेव्हा दमाचा संबंध दिसेना. उतारावर इंजिनाला काही ओढावे लागत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो. वजन दीडपट झाले की ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णताही दीडपट. वेग दुप्पट झाला तर थांबवायची ऊर्जा चौपट. जुने चालक सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. त्यात हेच शास्त्र आहे. इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकला विसावा मिळतो. जादा घोडे त्या रात्री दादाच्या उपयोगी पडले नसते. कमी कॅरेट पडले असते. जादा बोजाबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार अशी तरतूद आहे. पण त्या रात्री दंडापेक्षा मोठी किंमत द्यावी लागली असती.

आणखी एक मुद्दा नंबरच्या पाटीचा. पर्यटकांच्या त्या चार दारी पिकअपला पांढरी पाटी होती, म्हणजे ती खाजगी वापराची. आपल्या देशात इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये आली ती अशाच हौशी गिऱ्हाइकासाठी. हायलक्सची किंमत आली तेव्हाच चौतीस लाखांच्या घरात सुरू होत होती. पांढऱ्या पाटीवर दुसऱ्याचा माल भाड्याने वाहता येत नाही. उलट पिवळ्या पाटीच्या मालगाडीत हौद्यात माणसे बसवणे बेकायदेशीर आहे. म्हणजे आठवडाभर टोमॅटो आणि सुटीला पर्यटक, हा दादाचा बेत दोन्ही बाजूंनी अडतो. गाडीने हप्ता फेडायचा, तर तो कशातून?

हे सगळे मी एका संध्याकाळी घरी वाचून दाखवले. आबा मान डोलवत होते. दादा मात्र पायाने जमीन उकरत बसला होता. शेवटी म्हणाला, "तुझं गणित बरोबर असंल. पण आईला संगमनेरला दवाखान्यात नेलं तेव्हा तू कुठं बसली होतीस, सांग?"

मला आठवले. केबिनमध्ये दादा, आई आणि तिला धरून बसलेली मावशी. मी आणि आबा मागे हौद्यात, ताडपत्रीखाली, भर पावसात. जे बेकायदेशीर म्हणून मी नुकतेच वाचून दाखवले तेच आम्ही केले होते. दादाला दोनशे घोडे नकोच होते. त्याला मागची ती दुसरी बाकडी हवी होती.

माझ्या सगळ्या गणितांत हा आकडा नव्हता. एखाद्या वस्तूची हाव म्हणून आपण ज्याला हसतो, तिच्या तळाशी कधी कधी साधी गरज असते. पण विकणारे त्या गरजेला वेग, रुबाब आणि घोडे चिकटवून देतात आणि मग आपल्याला दोन्ही वेगळे करता येत नाहीत. वेगळे केले तर गोष्ट सोपी होते. मालासाठी आहे ती गाडी पुरेशी आहे. तिला चांगले ब्रेक, चांगले टायर आणि बेताचा बोजा हवा. माणसांसाठी साधी, जुनी, सहा-सात जणांची गाडी त्या एका चार दारी पिकअपच्या किमतीपेक्षा फार कमी पैशांत येते. ज्याला रोज राने तुडवायची आहेत, जड ट्रॉली ओढायची आहे किंवा ज्याच्याकडे हौसेपुरता पैसा आहे, त्याने मोठी गाडी जरूर घ्यावी. रोज घाट चढून बाजार गाठणाऱ्याला मात्र तिच्यातले निम्म्याहून अधिक घोडे तबेल्यात नुसते बांधून पोसावे लागतील.

पुण्याची गाडी आम्ही घेतली नाही. ब्रेकचे काम करून घेतले आणि टायर बदलले. दुसऱ्या गाडीचे यंदाचे भात विकल्यावर पाहू, असे आबा म्हणाले आहेत. दादा अजूनही भंडारदऱ्याच्या रस्त्याला तसली गाडी दिसली की थांबून बघतो. परवा मीही त्याच्याबरोबर उतरून पाहिली. गाडी देखणी होती, यात शंका नाही. "किती घोडे असतील गं?" त्याने विचारले. मी म्हटले, "घोडे राहू दे दादा, आधी बाकडी मोज."