गुण्यात उभे राहणारे कपाट

सुट्या फळ्यांच्या रूपात खोक्यातून येणारे आणि घरीच जोडायचे कपाट उभे केल्यावर त्याची एक झडप खाली झुकलेली आणि दुसरी वर चढलेली दिसली, की बहुतेकांचा हात आधी बिजागरीच्या स्क्रूकडे जातो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा बिजागरीच्या कितीतरी खाली, फरशीत असतो. वर्धा जिल्ह्यात हे विशेष ध्यानात ठेवावे लागते, कारण येथील कापसाची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिची ही हालचाल वरच्या जोत्याला व फरशीला वर्षानुवर्षे सोसावी लागते. शिवाय धुतलेले पाणी वाहून जावे म्हणून गवंडी अनेकदा मुद्दामच उतार ठेवतो. म्हणून पाणसळ, म्हणजे नळीतल्या बुडबुड्याने सपाटी दाखवणारे साधन, तळफळीवर आधी आडवी आणि मग मागेपुढे ठेवावी व बुडबुडा मध्यावर येईपर्यंत सखल कोपऱ्याखाली पाचर सारावी. पुठ्ठ्याची घडी येथे कामाची नाही. फरशी पुसताना ती भिजते आणि दबते.

पातळी साधली तरी सांगाडा गुण्यात, म्हणजे चारही कोपऱ्यांत काटकोनात, असेलच असे नाही. त्याची खरी कसोटी कर्णांची: १८० सेंमी उंच व ९० सेंमी रुंद चौकटीचे दोन्ही कर्ण सुमारे २०१.२ सेंमी भरले पाहिजेत, आणि त्यांत केवळ ६ मिमीचा फरक पडला तरी माथा पायाच्या तुलनेत जवळजवळ ७ मिमी बाजूला सरकलेला असतो. हे माप पाठीची पातळ फळी ठोकण्यापूर्वीच घ्यावे, कारण काटकोन धरून ठेवण्याचे काम तीच करते; चौकट तिरपी असताना ती ठोकली, तर तिरपेपणाच कायम होतो. फळ्या आवळणारी गोल फिरकी, म्हणजे कॅम लॉक, तोवर अर्धवटच आवळलेली बरी. लाकडाचा भुसा व चिपा राळेने दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डात जोर जास्त झाला, तर भोकाची कड भुगा होऊन सुटते.

यंत्राचे सुटे भाग एका रेषेत असण्याचे मोल वर्ध्याला नवे नाही. १९३८ साली मगनवाडीत सुरू झालेले मगन संग्रहालय खादी व ग्रामोद्योगांचे आहे, आणि पेटीत मिटून ठेवता येणाऱ्या पेटीचरख्याचे तत्त्वही हेच: चाके व चाती, म्हणजे सूत पिळणारी लोखंडी सळई, यांवरून जाणारी माळ एका प्रतलात नसेल, तर ती पुनःपुन्हा उतरते आणि कातणाऱ्याचे कौशल्य वाया जाते.

बिजागरीची पाळी शेवटी येते. झडपेतील ३५ मिमी व्यासाच्या खोबणीत बसणाऱ्या बिजागरीचा एक स्क्रू झडप डावी-उजवीकडे, दुसरा आत-बाहेर नेतो, तर पट्टीचे स्क्रू सैल करून ती वर-खाली सरकवता येते. ही सवड मोजक्या मिलिमीटरांचीच असल्याने वाकडा सांगाडा तिच्यात झाकला जात नाही. स्क्रू अर्धा फेरा फिरवून झडप लावून पाहावी, दोन्ही झडपांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी होईपर्यंत. मग कपाट भिंतीला पट्टीने बांधावे, कारण लहान मूल खणाला लोंबकळले तर कपाट पुढे कोसळू शकते. दिवाळीच्या साफसफाईसाठी ते सरकवायचे झाल्यास पाया आणि पाचर यांच्या जागा आधी फरशीवर पेन्सिलीने आखून घ्याव्यात. हातभर सरकलेल्या कपाटाला तीच पाचर पुरेलच असे नसते, आणि पाणसळ पुन्हा काढावी लागते.