एनोशिमाची सरस्वती

तोक्योच्या दक्षिणेस, कामाकुराजवळ समुद्रात एनोशिमा हे चिमुकले बेट आहे. तेथील शिंतो देवस्थानात सागराचे व प्रवाशांचे रक्षण करणाऱ्या तीन भगिनी देवता पूजिल्या जातात. परंतु भाविकांच्या ओठी नाव असते ते बेन्झाइतेनचे. आणि ही बेन्झाइतेन म्हणजे आपलीच सरस्वती! बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे ती जपानला पोचली. ११८२ साली योरितोमो या सेनानीने येथे तिची स्थापना करविली. पुढे १८६८ मध्ये शासनाने शिंतो व बौद्ध दैवते विभक्त केली. एनोशिमा केवळ शिंतो ठरले. परदेशातून आलेली वाग्देवी परकी झाली. लोकांनी मात्र तिला अंतर दिले नाही. भगिनी देवतांच्या आवारातच, अष्टकोनी मंदिरात, वीणेऐवजी बिवा नामक तंतुवाद्य घेऊन ती आजही बसलेली आहे.