कॉम्प्युटर निळा पडला? फॉरमॅटच्या आधी हे बघा

मैत्रिणींनो, महिनाअखेर आली की संघाच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरला उसंत नसते. गटांच्या बचतीच्या नोंदी, कर्जाचे हप्ते, बँकेला द्यायचे प्रस्ताव, सगळं त्या एकाच यंत्रावर. आणि नेमका तेव्हाच पडदा निळा होतो, इंग्रजीत चार ओळी येतात आणि कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. कुणी म्हणतं व्हायरस शिरला. कुणी म्हणतं ऑपरेटर ताईंनीच काहीतरी दाबलं. दुकानदार येतो, दोन मिनिटं बघतो आणि सांगतो, "फॉरमॅट मारावा लागेल."

त्याला तिथेच थांबवा. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. विंडोज बहुतेक वेळा सी ड्राइव्हमध्ये असतं, आणि आपण डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइलीही सहसा तिथेच असतात. ड्राइव्ह पुसला की त्याही गेल्या. मग कोणत्या ताईने किती हप्ते भरले ते रजिस्टर उघडून पुन्हा लिहीत बसायचं, आणि जिथे रजिस्टर अर्धवट तिथे गटात भांडण ठरलेलं. बरं, दुखणं कित्येकदा एवढं मोठं नसतंच. ते असतं जुन्या ड्रायव्हरचं.

ड्रायव्हर म्हणजे काय? गाडीचा नव्हे. प्रिंटरची भाषा वेगळी, अंगठ्याच्या मशीनची वेगळी, विंडोजची तिसरीच. या दोघांमध्ये बोलणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. तो एक छोटा प्रोग्राम असतो. प्रिंटर घेतला तेव्हा खोक्यातल्या सीडीवरून जो टाकला तोच अनेक ठिकाणी आजही चालू असतो. इकडे विंडोज मात्र दर महिन्याला अपडेट होत राहतं, कुठे १० चं ११ झालं. दुभाषा जुनाच राहिला आणि बोली बदलली, मग गोंधळ होणारच. यातले बरेच ड्रायव्हर विंडोजच्या अगदी आतल्या घरात काम करतात. तिथे चूक झाली तर हिशोब बिघडू नये म्हणून विंडोज स्वतःच सगळं थांबवतं. तोच तो निळा पडदा. नव्या विंडोज ११ मध्ये तो काळा दिसतो.

नवा ड्रायव्हर म्हणजे चांगलाच, असंही नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं. विंडोजच्या आतल्या घरातला त्यांचा ड्रायव्हर ते वाचताना कोलमडला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हा तुमच्या ऑपरेटर ताईंना बोल लावण्याआधी हे आठवा.

आता करायचं काय? निळा पडदा दिसताच मोबाइलने फोटो काढा. त्यावर एक कोड असतो आणि कधी कधी 'व्हॉट फेल्ड' या शब्दांपुढे फाइलचं नाव असतं. नावाच्या शेवटी 'डॉट एसवायएस' असेल तर ती बहुधा ड्रायव्हरची फाइल. दुकानदाराला नुसतं "बंद पडतो" सांगण्यापेक्षा हा फोटो दाखवलेला शंभरपट बरा.

कॉम्प्युटर परत सुरू झाला की सगळ्यात आधी हिशोबाच्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्या. बाकी सगळं नंतर.

मग आठवून बघा, बंद पडतो तेव्हा आपण काय करत असतो? प्रिंट दिली की पडतो? अंगठ्याचं मशीन लावलं की पडतो? की-बोर्ड आणि माउस सोडून बाकी वायरी काढा आणि एक दिवस तसंच काम करा. नीट चालला तर एकेक वस्तू जोडत जा. जिच्यामुळे पुन्हा पडला ती किंवा तिचा ड्रायव्हर संशयित. निळा पडदा न येता दिवा गेल्यासारखा फटकन बंद होत असेल तर मात्र आधी वीज, यूपीएस आणि आत साचलेली धूळ बघा.

स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक केलं की यादीत 'डिव्हाइस मॅनेजर' दिसतं. तिथे एखाद्या नावावर पिवळा त्रिकोण असेल तर त्यावर दोनदा क्लिक करून 'ड्रायव्हर' हा भाग उघडा. त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा, आधीचा ड्रायव्हर परत येतो. बटण फिकट असेल तर आधीचा शिल्लक नाही. ड्रायव्हर जुना असेल तर सेटिंगमध्ये विंडोज अपडेट, त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि 'ऑप्शनल अपडेट्स' बघा. तिथे नसेल तर मशीनच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर घेऊन त्या कंपनीच्याच वेबसाइटवरून घ्या. एक गंमत, काही ड्रायव्हरवर २१ जून २००६ ही तारीख दिसते. घाबरू नका. विंडोजसोबत आलेल्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टने ती मुद्दामच टाकलेली असते, म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर आला की त्याला आधी मान मिळतो.

कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर सेफ मोड वापरायचा. सुरू होताना दोन-तीनदा पॉवर बटण दाबून धरून बंद केला की दुरुस्तीचा पडदा येतो. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ आकडा. सेफ मोडमध्ये फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर चालतात. फाइली काढून घ्यायला आणि नवा ड्रायव्हर मागे घ्यायला एवढं पुरतं. एकटीला जमणार नाही असं वाटलं तर जाणकार माणसाला बोलवा, पण शेजारी बसून बघा.

आणि "फुकट ड्रायव्हर अपडेट करून देतो" असल्या जाहिरातींवर क्लिक करू नका. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमचा ड्रायव्हर खराब झालाय, हे ॲप टाका" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट असे आपणहून फोन करत नाही. ॲप टाकून झालं असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील तर इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि लगेच १९३० वर तक्रार नोंदवा.